सफरचंदांच्या खोलीतली झोप

वसंतरावांना कुठलीही वस्तू निवडायला वेळ लागत नसे. आयुष्य बँकेत मॅनेजर म्हणून गेलेलं. निर्णय आपण घ्यायचा आणि त्याची कारणं मागाहून इतरांनी शोधायची, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. जयपूरच्या वैशाली नगरातल्या त्या ट्रेकिंगच्या दुकानात शिरल्यावर त्यांनी भिंतीवर टांगलेल्या स्लीपिंग बॅगांवरून एकदा नजर फिरवली आणि एका निळ्या बॅगेवर थाप मारली.

"ही घ्यायची. मायनस अठरा लिहिलंय. डिसेंबरात उत्तराखंडातसुद्धा एवढी थंडी पडायची नाही."

त्यांची मुलगी ज्ञानदा दुसरीच एक बॅग उराशी धरून उभी होती. ती पिसांची होती, घडी केली की पपईएवढी व्हायची, आणि किमतीची चिठ्ठी बघून वसंतरावांनी तोंड फिरवलं होतं.

"बाबा, ही घ्या ना. मतलब, महाग आहे, पण लाइफटाइम चालेल."

"माझं लाइफटाइम आता कितीसं राहिलंय? निळी घ्या."

ज्ञानदा बंगळुरूला नोकरी करायची आणि दिवाळीला जयपूरला आली होती. वडिलांच्या बदल्यांमागे भोपाळ, लखनौ, जयपूर करत वाढलेली मुलगी, त्यामुळे तिच्या मराठीत हिंदी कुठून शिरायची ते तिलाही कळत नसे. वडिलांच्या साठीनिमित्त तिनं डिसेंबरातला एक हिमालयातला ट्रेक ठरवला होता. बाप आणि लेक, दोघंच. रात्री तंबूत काढायच्या होत्या, आणि स्लीपिंग बॅग ज्यानं त्यानं आपापली आणायची होती.

वसंतरावांच्या बायकोला, मधुमतीला, खरं म्हणजे दुकानात सोबत म्हणूनच आणलं होतं. पण ती सोबतीसारखी गप्प उभी राहणारी बाई नव्हती. तिनं चष्मा लावला, निळ्या बॅगेची चेन उघडली, आत हात घातला आणि अस्तराला शिवलेली पांढरी पट्टी बाहेर काढून वाचायला लागली.

"अहो, हे मायनस अठरा म्हणजे काय, ते वाचलंत का?"

"वाचायचं काय त्यात? केवढं मोठं लिहिलंय."

"मोठं लिहिलेलं वाचायचं नसतं," मधुमती म्हणाली.

हे ती अधिकारानं म्हणत होती. विमा कंपनीत तिची आजवरची सारी नोकरी दाव्यांच्या खात्यात झाली होती. गोदाम जळालं, दुकानात पाणी शिरलं, ट्रक दरीत गेला, की मधुमतीनं जाऊन बघायचं आणि माणूस खरं बोलतोय की थापा मारतोय ते ठरवायचं. बारीक अक्षरांच्या जोरावर लोकांना काय काय नाकारता येतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! पट्टीवर तीन आकडे होते. पहिला शून्य, म्हणजे एवढ्या थंडीपर्यंत सुखानं झोप लागेल. दुसरा मायनस सहा, म्हणजे अंगाचं मुटकुळं करून कशीबशी निभेल. आणि तिसरा मायनस अठरा, म्हणजे जीव तेवढा वाचेल, झोपेचं नाव काढायचं नाही. दुकानदारानं बाहेर ठळक छापलेला आकडा हाच तिसरा.

"आणि हे बघा, पहिला आकडा बाईच्या अंगाचा हिशेब धरून काढलाय, दुसरा पुरुषाच्या. बाईला थंडी जास्त वाजते, हे यांनाही कबूल आहे."

"मग बरंच आहे की," वसंतराव हसून म्हणाले. "जायचंय मला. तुला कुठं जायचंय?"

मधुमतीनं पट्टी पुन्हा आत खोचली. "मलाही जायचंय," ती म्हणाली.

ज्ञानदा हसली आणि वसंतरावही हसले. त्यात वाईट भाव नव्हता, आणि तेच मधुमतीला जास्त झोंबलं. आईला थंडी सोसत नाही, हे त्या घरात सूर्य पूर्वेला उगवतो इतकं पक्कं होतं. दसऱ्याला तिचा स्वेटर बाहेर पडे. विमा कंपनीच्या ऑफिसात ऐन मेमध्ये ती एसीखाली शाल घेऊन बसे. घरी पंख्यावरून तर लग्न झाल्यापासूनचं भांडण, वसंतरावांना तो पाचवर हवा आणि तिला बंद.

"आई, तिथे बर्फ असतो," ज्ञानदानं समजावलं. "तुला ठंड लागून जाईल. नेक्स्ट इयर आपण गोव्याला जाऊ ना."

घरी आल्यावर चहाचे कप समोर ठेवून मधुमतीनं एकदाच काय ते बोलून टाकलं.

"हे बघा, माझी सगळी नोकरी मोडलेलं बघण्यात गेली. जळलेलं, बुडालेलं, चेचलेलं. चांगलं असताना मला कुणी कुठं बोलावलंच नाही. येत्या मार्चमध्ये मी निवृत्त होते. त्याआधी मला एकदा काहीतरी अखंड उभं असलेलं बघायचंय. डोंगर बघायचाय. आणि गोव्याचं गाजर मला दाखवू नका."

वसंतराव चहा ढवळत राहिले. साखर कधीच विरघळली होती.

"मधू, तुझं म्हणणं पटतं गं. पण तिथं रात्री तुला सोसलं नाही तर? मध्यरात्री डोंगरावरून कुठं नेणार आम्ही तुला?"

"म्हणजे प्रश्न फक्त थंडीत झोप लागते की नाही एवढाच आहे ना?"

"हो."

"मग तो इथंच बघून घेऊ," मधुमती म्हणाली आणि तिनं फोन उचलला.

फोन केला तो योगेशजींना. सांगानेरच्या बाजूला त्यांचं कोल्ड स्टोरेज होतं. पूर्वी तिथं आग लागली तेव्हा त्यांचा दावा मधुमतीनं पाहिला होता, आणि तो खरा निघाल्यामुळे कुणाच्या दबावाला भीक न घालता मंजूर करवून घेतला होता. तेव्हापासून योगेशजी दर मोसमात सफरचंदांची पेटी पाठवायचे आणि ती दर मोसमात परत करायची. आज प्रथमच ती त्यांच्याकडे काहीतरी मागत होती.

"मॅडमजी, लोग यहाँ माल रखते हैं," योगेशजी पलीकडून म्हणाले, "आप ख़ुद को रखेंगी?"

पण नाही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघंही विकत आणलेली निळी बॅग घेऊन सांगानेरला पोचले. हिमाचलहून आलेली सफरचंदं एका मोठ्या खोलीत ठेवली होती, आणि तिथला काटा शून्याच्या जरासा वर होता. दार उघडल्यावर गारठ्याबरोबर सफरचंदांचा असा गोड वास आला, की डोंगरच अर्ध्या वाटेवर आपल्याला भेटायला खाली आलाय असं मधुमतीला वाटलं. क्रेटच्या भिंतींमधून एक अरुंद वाट होती. तिच्या टोकाशी मोकळी जागा होती, तिथं सिमेंटच्या फरशीवर बॅग पसरली.

नियम मधुमतीनं आदल्या रात्रीच घातले होते. दाराला कडी लावायची नाही. ज्ञानदानं दारातच बसायचं आणि मधून मधून हाक मारायची. अंगात रोजचे कपडे, एक स्वेटर, मोजे आणि कानटोपी, बस्स. दोघांनीही तासभर झोपायचं.

"दोघांनी कशाला?" वसंतराव तेव्हाच म्हणाले होते. "माझी काय परीक्षा?"

"बॅग कशी आहे ते दोघांच्या अंगानं कळेल. आणि तुम्हाला भीती कसली?"

आता वसंतराव आपली ट्रेकची थैली घेऊन गाडीत गेले, कपडे बदलून आले, बॅगेत शिरले आणि डोळे मिटले. थोड्याच वेळात क्रेटच्या भिंतींमधून त्यांचं घोरणं ऐकू यायला लागलं. तासानंतर बाहेर आले ते विजयी वीरासारखे, आणि कानामागून चक्क घामाचा एक ओघळ खाली येत होता.

"उकडलं!" ते म्हणाले. "बॅग फर्स्ट क्लास आहे."

"बाबा, सुपर्ब!" ज्ञानदानं टाळ्या वाजवल्या.

मग मधुमतीची पाळी आली. चेन गळ्यापर्यंत ओढली तेव्हा तिला मोठा धीर होता. छाती गरम होती, पाय गरम होते. पण हळूहळू पाठीतून काहीतरी वर चढायला लागलं. आधी खांदे, मग कंबर, मग मांड्या. कूस बदलली की ती कूस गार पडायची. ज्ञानदाची पहिली हाक आली तेव्हा तिनं ठणठणीत आवाजात ओ दिली. दुसऱ्या हाकेला दातांवर दात आपटत होते. तासाला अजून बराच अवकाश असताना ती उठून बाहेर आली. हात इतके गारठले होते, की चेन लेकीला उघडावी लागली.

कुणी तिला चिडवलं नाही. ज्ञानदानं आपली शाल तिच्या खांद्यांवर टाकली. वसंतरावांनी तिचे हात आपल्या हातांत चोळले आणि अगदी मायेनं म्हणाले, "राहू दे मधू. प्रयत्न केलास ना, झालं तर मग."

त्या मायेनं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते रागाचं होतं.

योगेशजींच्या केबिनमध्ये चहा आला. मधुमतीनं कप दोन्ही हातांत धरला आणि आपल्याच अंगाची पाहणी सुरू केली. जळलेल्या गोदामात ती पहिला प्रश्न हाच विचारायची, की आग कुठून सुरू झाली? इथं थंडी कुठून सुरू झाली? छातीकडून नाही, पायांकडून नाही, डोक्याकडून तर नाहीच. पाठीकडून. म्हणजे खालून.

केबिनच्या काचेतून सफरचंदांच्या खोलीचं अर्धवट उघडं दार आणि आतल्या क्रेट दिसत होत्या. कुठलीच क्रेट फरशीला टेकलेली नव्हती. सगळ्यांखाली लाकडी फळ्यांचे पाट होते. मग तिला आठवलं. दुसऱ्या एका स्टोरेजचा दावा तिनं फेटाळला होता तो याचसाठी. जागा वाचवायला त्या माणसानं पाट काढून क्रेट सरळ फरशीवर रचल्या, आणि खालच्या ओळीतली सफरचंदं काळी पडली. वरची ठणठणीत. तिनंच अहवालात लिहिलं होतं की थंडी खालून लागली.

"ज्ञानदा, ती बॅग इकडे आण."

तिनं पट्टी पुन्हा बाहेर काढली. आकड्यांच्या खाली, शिवणीत अर्धवट दडलेली, मुंगीच्या पावलांएवढी एक ओळ होती. हे आकडे खाली जाड मॅट घातल्यास लागू. मधुमती स्वतःशीच हसली. आयुष्यभर लोकांना शेवटची ओळ वाचा म्हणून दटावलं, आणि आपण तीन आकडे बघूनच खूश झालो होतो!

"गाडीत तुझी योगाची मॅट आहे ना? ती काढ. योगेशजी, रिकामी खोकी मिळतील का सफरचंदांची?"

"आई, बस ना. तबियत खराब होईल."

"आण म्हटलं ना."

तिनं खोकी उलगडून फरशीवर दोन थर दिले, त्यांवर मॅट घातली आणि त्यावर बॅग पसरली. अंगात तोच स्वेटर, तेच मोजे. ज्ञानदाच्या पहिल्या हाकेला तिनं ओ दिली. दुसऱ्या हाकेला काहीच उत्तर आलं नाही, तेव्हा पोरगी घाबरून आत धावली. मधुमती तोंड किंचित उघडं टाकून गाढ झोपली होती. हात लावून बघितला तर गाल कोमट. तिला हलवून उठवावं लागलं आणि उठल्यावर ती करवादली, की आणखी थोडं झोपू दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

"आई, तू येतेयस," ज्ञानदा म्हणाली. "फायनल."

वसंतरावांनीही मान डोलावली. "मानलं बुवा," ते म्हणाले, पण जरा पडलेल्या आवाजात. त्याचं कारण परतीच्या वाटेवर गाडीत मागे बसल्या बसल्या मधुमतीच्या लक्षात आलं.

तिच्या धंद्यात एक खूण होती. दावा फारच स्वच्छ असला, की पुन्हा बघायचा. त्याच उघड्या फरशीवर, त्याच बॅगेत, तिची हाडं गोठली आणि या माणसाला घाम फुटला? पुरुषाला थंडी कमी वाजते हे खरं. पण घाम?

घरी आल्यावर वसंतराव अंघोळीला गेले. मधुमतीनं त्यांची ट्रेकची थैली उघडली. तळाशी, टॉवेलमध्ये गुंडाळून, दोन थर्मल होते. एकावर एक घातलेले, तसेच्या तसे एकात एक अडकलेले, आणि अजून ओलसर. सोबत रबरी गरम पाण्याची पिशवी, ती आता गार.

वसंतराव केस पुसत बाहेर आले तेव्हा ती पलंगावर बसली होती आणि ऐवज शेजारी मांडलेला होता. ज्ञानदा स्वयंपाकघरात फोनवर बोलत होती. मधुमतीनं उठून दार लोटलं.

"गाडीत कपडे बदलायला गेलात ते यासाठी?"

वसंतराव खुर्चीवर बसले. थाप मारायची एकही जागा तिनं ठेवली नव्हती, आणि तिच्यापुढे थापा मारून कुणाचं भलं झालेलं नाही हे त्यांना माहीत होतं.

"मला गेल्या वर्षीपासून थंडी वाजते, मधू," ते म्हणाले. "कशी ते विचारू नकोस. डॉक्टर म्हणतात काही नाही, वयाचं आहे. पण वाजते. रात्री पाय गार पडतात."

"गेल्या वर्षीपासून?"

"हो. पहाटे उठून पंखा बंद करतो, मग कुठं झोप लागते."

मधुमती त्यांच्याकडे बघतच राहिली. वर्षभर पहाटे जाग आली की पंखा बंद असायचा. इतक्या वर्षांच्या भांडणानंतर नवऱ्याला आपली दया आली असं ती धरून चालली होती. साताऱ्याच्या बहिणीला, मालनला, फोन करून तिनं हे मोठ्या कौतुकानं सांगितलंही होतं. आता मालनला काय सांगणार, कपाळ! तिला आधी वाईट वाटलं, मग हसू आलं, आणि ते हसू वाटेतच कुठंतरी भिजलं.

"सांगायचं नाही का मला?"

"कुणाला काय सांगू? जन्मभर तुला म्हणालो, थंडी सोसत नाही, थंडी सोसत नाही. आता माझीच पाळी आली म्हणून सांगू? आणि ज्ञानदानं एवढ्या हौसेनं ठरवलंय. तिला कळलं तर म्हणेल, बाबा, तुम्हीही राहू द्या. मग मला म्हातारा म्हणून घरी बसवतील गं. मला त्याची भीती वाटते."

भीती हा शब्द वसंतरावांच्या तोंडून तिनं लग्नानंतर प्रथमच ऐकला. तिनं थर्मल एकमेकांतून सोडवले, नीट झटकले आणि दांडीवर वाळत टाकले.

"कुणी घरी बसणार नाही," ती म्हणाली. "उद्या दुकानात चला. बोलायचं काम मी करते."

दुसऱ्या दिवशी तिघं पुन्हा वैशाली नगरात गेले. मधुमतीनं दुकानदाराला सरळ विचारलं, की याच निळ्या बॅगेची दुसरी, डाव्या बाजूला चेन असलेली मिळेल का? दोन्ही चेन एकमेकींत अडकवल्या की दोघांची मिळून एकच मोठी बॅग होते, हे तिनं सकाळीच शोधून ठेवलं होतं. दोन माणसांची ऊब एकत्र राहते आणि पिसांच्या बॅगेचं नावही काढावं लागत नाही. दुकानदारानं माळ्यावरून तशी बॅग काढून दिली.

"जोडायची कशाला पण?" ज्ञानदा म्हणाली. "आई, तू तर काल अकेली मस्त झोपलीस."

"काल तास दीड तास होता. रात्रभर म्हटलं की मला वाजणारच," मधुमती म्हणाली. काल जिंकलेलं सारं तिनं एका वाक्यात परत देऊन टाकलं, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

"हाँ जी, लेडीज़ को तो ठंड ज़्यादा लगती ही है," दुकानदार बिल करता करता म्हणाला.

वसंतराव दोन्ही बॅगांच्या चेन हातात घेऊन उभे होते. त्यांनी त्या एकमेकींत बसवल्या, हळूहळू शेवटपर्यंत ओढल्या आणि वर बघितलं.

"आईला नाही," ते लेकीला म्हणाले. "मला वाजते थंडी. गेल्या वर्षीपासून. काल तो घाम आला ना, तो दोन थर्मल आणि गरम पाण्याच्या पिशवीचा होता."

ज्ञानदानं बापाकडे बघितलं, मग आईकडे. पोरगी आता काय म्हणेल ते मधुमतीच्या हातात नव्हतं.

"मतलब, तुम्ही चीटिंग केली?" ज्ञानदा म्हणाली.

"केली."

"आणि पकडलं कुणी? आईनं?"

"दुसरं कोण पकडणार?"

ज्ञानदा हसायला लागली ती थांबेचना. मग पुढे होऊन तिनं बापाच्या दंडाला घट्ट मिठी मारली. डोळे पुसत ती कोपऱ्यातल्या मॅटच्या गुंडाळ्यांकडे गेली. पातळ, जाड, घडीच्या, हवा भरायच्या, अशा बऱ्याच होत्या. तिनं दोन उचलल्या, परत ठेवल्या आणि वळून बघितलं.

"तीन लागतील," ती म्हणाली. "कोणत्या घ्यायच्या ते आई ठरवेल."

वसंतरावांचा हात सवयीनं सगळ्यात जवळच्या मॅटवर थाप मारायला उचलला गेला होता. तो त्यांनी खाली घेतला आणि ते बाजूला सरकून उभे राहिले. मधुमतीनं पर्समधून चष्मा काढला, पुसला आणि पहिल्या मॅटची चिठ्ठी खालच्या ओळीपासून वाचायला घेतली.